मदत हवी आहे: नाकातला सायनस आणि त्रिकोणमितीतला साइन, तक्त्यावर नेमकं काय लिहावं?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. चाळीसगाव तालुक्यातल्या शाळेची नववी-दहावीची सहल पाटणादेवीला जाणार आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख पाटणचा, म्हणून त्या निमित्ताने गणितातल्या शब्दांचा चार फूट बाय तीन फुटांचा तक्ता करायचा आहे. कच्चा मजकूर असा:

१) साइन आणि सायनस हे दोन्ही शब्द संस्कृत 'ज्या'पासून आले.
२) लॅटिन भाषांतरकाराने अरबी शब्द चुकीचा वाचला.
३) कोसाइन म्हणजे आपल्या 'कोटिज्या'चाच अपभ्रंश.
४) कर्ण म्हणजे कान. (मुलं विचारतात, त्रिकोणाला कान कुठला?)

रंगवायच्या आधी जाणकारांनी तपासून द्यावं. मैदानावर करून दाखवता येईल असं काही असेल तर तेही सांगा.

तापीतीर
पहिली ओळ आधी खोडा, सगळा घोटाळा तिथेच आहे. साइन आणि सायनस एकाच लॅटिन शब्दातून निघाले हे खरं, पण 'ज्या'चा संबंध फक्त साइनशी आहे.

ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. कामठा समोर धरा: वाकलेला बांबू म्हणजे चाप, ताणलेली दोरी म्हणजे जीवा, दोरीच्या मध्यापासून बांबूपर्यंतचं अंतर म्हणजे शर. वर्तुळाचा तुकडाही हुबेहूब असाच दिसतो. खगोलाच्या गणिताला अख्ख्या दोरीपेक्षा अर्धी दोरी सोयीची पडते, म्हणून आर्यभटांनी अर्धज्येची कोष्टकं दिली आणि पुढे 'अर्ध' गळून नुसतं 'ज्या' उरलं. हे गणित आठव्या शतकात बगदादला पोचलं. तिथे अर्थ न बदलता उच्चारच उचलला: जीब. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. जीम, ये, बे या तीन अक्षरांचं 'जीब' होतं तसंच 'जैब'ही होतं. जीबला अरबीत अर्थ नव्हता, जैबला होता: अंगरख्याचा गळ्याशी उघडा भाग, छातीवरचा घोळ. हिंदीतली जेब म्हणजे खिसा, ती यातूनच आली.

बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतरं झाली तेव्हा जैबला प्रतिशब्द घातला 'सायनस', म्हणजे वस्त्राचा घोळ, छाती, खाडी, वळण. शरीरशास्त्राने मात्र हा शब्द थेट लॅटिनमधून घेतला, पोकळी किंवा खोलगट जागा या अर्थाने. धनुष्याची दोरी त्या वाटेवर कुठेच नाही.

अर्धज्या
दुसरी ओळही बदला, ती त्या भाषांतरकारावर अन्याय करते. अरबी वाचक स्वतःच जैब म्हणू लागले होते. समोर जो शब्द होता त्याचं लॅटिन त्याने बरोबरच केलं. घसरण झाली ती आधी, अरबी वाचनात.

तिसरी ओळ तर सरळ काढाच. कोसाइनमधला 'को' कोटीचा नाही. लॅटिनमध्ये 'पूरक कोनाचा सायनस' असं लांबलचक लिहीत. १६२० मध्ये एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने त्याचं 'को-सायनस' केलं. कल्पना दोन्हीकडे एकच आहे, कारण कोटिज्या म्हणजेही पूरक चापाची ज्या. पण आवाज जुळला म्हणून शब्दाचं मूळ एक ठरत नाही. अशी एक ओळ तक्त्यावर राहिली की बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

नासाविवर
शरीरशास्त्राच्या बाजूने थोडं. सायनस हे आजाराचं नाव नाही. 'मला सायनस आहे' असं सगळेच म्हणतात. पण सायनस प्रत्येकाला असतात, सुजले की तो सायनसायटिस. नाकाभोवती त्यांच्या चार जोड्या: कपाळात, गालांच्या हाडांत, दोन डोळ्यांच्या मधे (एथमॉइड) आणि त्यामागे खोलवर (स्फिनॉइड). गालातल्या पोकळीचं तोंड तिच्या तळाशी नसून वरच्या बाजूला असतं, म्हणून उभ्या माणसाच्या गालात साचलेला द्रव आपोआप निथळत नाही. हे चित्र तक्त्यावर काढाच, घोळ किंवा खिसा हा अर्थ मुलांना न सांगता दिसेल.

बाकीचे सायनसही असेच खोलगट किंवा पिशवीसारखे. कवटीत मेंदूच्या आवरणाच्या दोन थरांमध्ये अशुद्ध रक्ताचे सायनस असतात, महाधमनीच्या सुरुवातीला तीन फुगवटे असतात. शल्यचिकित्सेत एका तोंडाच्या वाहत्या जखमेलाही सायनस म्हणतात, आयुर्वेदातला नाडीव्रण तो हाच.

एक गफलत मुलं हमखास करतील. ईसीजीच्या कागदावर 'सायनस ऱ्हिदम' छापलेलं असतं आणि खाली लाटा दिसतात, म्हणून ती साइन लाट वाटते. तसं नाही. ठोका जिथून निघतो त्या गाठीचं नाव गर्भातल्या हृदयाच्या 'सायनस व्हेनोसस' या भागावरून पडलं आहे.

गिरणाकाठ
मनापासून आभार. पहिल्या तीन ओळी खोडल्या. कर्णाचं काय करू?

तापीतीर
कर्ण ठेवा, फक्त त्याच्यासोबत त्याची भावंडंही लिहा. भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं उदाहरणच घ्या: 'कोटिश्चतुष्टयं यत्र दोस्त्रयं तत्र का श्रुतिः'. कोटी (उभी बाजू) चार, दोः (आडवी बाजू) तीन, तर श्रुती (कर्ण) किती? उत्तर पाच. दोः म्हणजे बाहू, आणि श्रुती म्हणजे कान. वृत्तात बसवायला कर्णाऐवजी श्रुती चालते, भुजाऐवजी दोः चालतो. म्हणजे अवयवाचा कोणताही पर्यायी शब्द भूमितीतही तसाच खपायचा. 'समभुज'मधला हात आपण रोज वापरतो, तरी तो हात आहे हे लक्षात येत नाही. कोटी मात्र अवयव नाही, ते धनुष्याचं टोक. कर्णाचा आणखी एक अर्थ नावेचं सुकाणू. कर्णधार तो त्यावरून, कानावरून नाही. शुल्बसूत्रांत (यज्ञवेदी आखण्याचे जुने ग्रंथ) याच तिरक्या रेषेला 'अक्ष्णया' म्हणत, तेव्हा कर्ण हे नाव सर्वात जुनं आहे असंही लिहू नका.

अर्धज्या
मैदानावर लीलावतीतलंच दुसरं उदाहरण करा: व्यास १०, ज्या ६, तर शर किती? मापं फुटांत घ्या.

मध्ये खुंटी ठोका, पाच फुटांच्या दोरीने वर्तुळ फिरवा आणि त्यावर फक्की टाका. केंद्रापासून एका त्रिज्येवर चार फुटांवर खूण करा. तिथे काटकोन धरून दोन्हीकडे तीन-तीन फूट जा. दोन्ही टोकं वर्तुळावरच पडली पाहिजेत. खुणेपासून वर्तुळापर्यंत उरतो एक फूट, तो शर. गवंडी पाया आखताना जो तीन-चार-पाचचा काटकोन धरतो, तोच इथे चार फुटांच्या खुणेशी तयार होतो.

दोरी नायलॉनची नको, ती ताणते. एक इंच जरी ताणली तरी त्याच खुणेवर जीवा सुमारे सव्वातीन इंच लांब येते आणि मुलांना सूत्रच खोटं वाटतं. पाच फुटांची लाकडी पट्टी आणि दोन खिळे सर्वात बरे.

आणि हे ठळक अक्षरांत लिहा: या उदाहरणातली ज्या अख्खी दोरी आहे, सहा फूट. साइनसाठी तिची अर्धी घ्यायची, ३ भागिले ५, म्हणजे ०.६. कोनही अर्ध्या चापाचा, सुमारे ३६.९ अंश. अख्ख्या चापाचा ७३.७ अंश धरून साइन शोधला की उत्तर ०.९६ येतं आणि सगळे गोंधळतात. जुन्या कोष्टकांत भागाकारही नसे. त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरत, म्हणून ३० अंशांची ज्या ०.५ नसून १७१९ दिसेल.

गिरणाकाठ
तीस अंशांसाठी याच वर्तुळात काय करावं?

अर्धज्या
पाच फुटांचीच पट्टी वर्तुळावर जीवा म्हणून ठेवा. केंद्राशी ६० अंश होतात, अर्धी जीवा अडीच फूट, म्हणजे अर्ध्या कोनाचा, ३० अंशांचा साइन अडीच भागिले पाच, ०.५. सहा वेळा ठेवली की पट्टी पहिल्या खुणेवर परत येते. नाही आली तर केंद्राची खुंटी हलली आहे, पुन्हा ठोका.

तापीतीर
शिलालेखाची ओळ अशी लिहा: 'शके ११२८. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी सिद्धांतशिरोमणी आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला.' हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, तेवढा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.