मदत हवी आहे : डायनॅमो पोलराइझ करताना (बॅटरीचा क्षणभर करंट देऊन त्याचे प्लस-मायनस ठरवताना) चूक होऊ नये म्हणून विचारतोय

मंडळी, १९५० च्या दशकातली गाडी आहे, १२ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचा प्लस बॉडीला), लुकासचा सी३९ डायनॅमो आणि त्याचं चार्जिंग सांभाळणारा आरबी१०६ कंट्रोल बॉक्स. आर्मेचर (डायनॅमोचा फिरणारा भाग) रिवाइंड करून आणलं, नवे ब्रश टाकले, फील्ड कॉइल (चुंबकत्व देणारी) मोजली तर साधारण ६ ओहम म्हणजे ती ठीक वाटते. काल डायनॅमोच्या डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) दोन्हीच्या वायरी काढून ते दोन टर्मिनल एकमेकांना जोडले, मीटरची लाल पिन बॉडीला, काळी डीला आणि इंजिन हळूहळू वाढवलं तर काटा झरझर उलट्या बाजूला गेला!! लगेच बंद केलं. म्हणजे व्होल्टेज बनतंय पण पोलॅरिटी उलटी झालीय, बरोबर ना? अशात बॉक्सला जोडला तर कटआउटचे (डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटतील म्हणून जोडलेलाच नाही, मूळ बॉक्स आहे आणि मला तो जिवापाड जपायचाय.

आता इंजिन बंद, दोन्ही वायरी काढलेल्या, आणि बॅटरीच्या निगेटिव्हवरून वायर आणून फक्त एफला क्षणभर टेकवायची, हे बरोबर आहे का? एकदाच की दोनतीनदा? डेल्को कंपनीचा डायनॅमो असलेले रेग्युलेटरवरच बॅट (बॅटरी) आणि जेन (जनरेटर) ही टर्मिनलं जोडतात ती पद्धत इथे चालत नाही एवढं कळलंय.

दुसरं म्हणजे हार्नेसमधली पिवळी आणि पिवळी-हिरवी दोन्ही वायरी कापडासकट तपकिरी झाल्यात, कंटिन्युइटी बघून डी-एफ ओळखल्या तर पुरेसं आहे का अजून काही तपासू? स्वतः केलेल्यांनी प्लीज सांगा.