कर न भरलेला माणूस खजिन्यावर बसवायचा का?

गोदाकाठ (४ फेब्रुवारी २००९)

ओबामांनी आरोग्यमंत्रिपदासाठी निवडलेल्या डॅशलने थकलेल्या करामुळे माघार घेतली, त्या बातमीखाली काल ओहायोकरांनी अमेरिकेचे नवे अर्थमंत्री गायटनर यांच्या न भरलेल्या कराबद्दल लिहिलं : "गायटनरची चूक किरकोळ होती. आग लागल्यावर बंब चालवणाऱ्याचं लायसन्स बघत बसायचं का?" तिथे दोन ओळींत उत्तर दिलं, पण डोक्यातून जाईना. म्हणून हा वेगळा धागा.

किरकोळ कशी? २००१ ते २००३ हा माणूस आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत होता. नाणेनिधी अमेरिकन कर्मचाऱ्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (म्हातारपणच्या पेन्शनचा कर) आणि मेडिकेअर (म्हातारपणच्या औषधपाण्याचा कर) कापत नाही, ज्याचं त्याने भरायचं. त्यासाठी नाणेनिधी वर भत्ताही देतो. तो घेताना 'ज्या कराचा भत्ता घेतोय तो कर मी भरेन' अशी याची सही आहे. भत्ता घेतला, कर नाही भरला. २००६ मध्ये आयआरएसने, म्हणजे तिथल्या कर खात्याने, २००३ आणि २००४ तपासलं, तेव्हा त्या दोन वर्षांचे भरले. आधीच्या दोन वर्षांचे मागायची कायद्याची मुदत संपली होती, ते तसेच ठेवले. भरले कधी, तर ओबामांनी अर्थमंत्रिपदासाठी निवडल्यावर. मूळ कर सुमारे ३४ हजार डॉलर.

पहिल्यांदा चूक झाली, मान्य. पण २००६ मध्ये ती दाखवून दिल्यावर, हीच चूक मागच्या दोन वर्षांतही आहे हे तेव्हा न्यूयॉर्क फेडचा, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या तिथल्या शाखेचा, अध्यक्ष असलेल्या या माणसाला कळलं नसेल? आणि आयआरएस कोणाच्या हाताखाली आहे? ट्रेझरीच्याच, म्हणजे अर्थखात्याच्याच ना!

ओहायोकर

माझं वाक्य मी मागे घेत नाही. लीमन बँक बुडून पाच महिने झालेत. बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरचं पॅकेज आहे, ते कुठल्या बँकेला किती आणि कशाच्या बदल्यात द्यायचं हे ठरवायचंय. लीमन बुडण्याआधीच्या त्या शनिवार-रविवारी वाटाघाटींच्या खोलीत असलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी, त्यातला हा एक. सिनेटने ६० विरुद्ध ३४ मतांनी मंजूर केला, त्यात रिपब्लिकनांचीही मतं आहेत. आमच्या गावातल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात एक पाळी बंद झालीय. तिथल्या माणसाला गायटनरचं २००१ चं रिटर्न दाखवून काय मिळणार?

अनघा

ओहायोकर, आमचं सांगते. २००४ मध्ये नवऱ्याने सात महिने कॉन्ट्रॅक्टवर काम केलं. कंपनीने डब्ल्यू-२ (पगारदाराचा फॉर्म) ऐवजी १०९९ (स्वतंत्र काम करणाऱ्याचा फॉर्म) दिला. इन्कम टॅक्स भरला, पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा असतो हे माहीत नव्हतं. म्हणजे अगदी गायटनरचीच चूक. दीड वर्षाने पत्र आलं. कर, व्याज आणि दंड. दंड माफ करा म्हणून मी स्वतः पत्र लिहिलं, नाही झाला. त्या वर्षीची पुण्याची तिकिटं रद्द केली आणि सासऱ्यांची पंचाहत्तरी फोनवर ऐकली.

गायटनरला दंड माफ झाला. मला त्याची चूक टोचत नाही, ही माफी टोचते.

सीएबापू

जरा हिशोबाचं बोलू. दूतावास आणि आंतरराष्ट्रीय संस्थांतल्या अमेरिकन कर्मचाऱ्यांत ही चूक इतकी पसरलेली होती की आयआरएसला २००६ मध्ये खास तडजोड योजना काढावी लागली. म्हणजे हा एकटा नव्हे. अशा चुकीवरून माणूस अपात्र ठरवायचा तर माझे निम्मे अशील कुठल्याच पदाला लायक राहणार नाहीत, आणि ते चोर नाहीत. डॅशलचं वेगळं. गाडी-ड्रायव्हर फुकट वापरून ते उत्पन्न दाखवलंच नाही, एक लाखाच्या वर बाकी. दोघांना एका तागडीत घालू नका.

गोदाकाठ

बापू, तुमचे अशील आयआरएसचे साहेब होणार नाहीयेत. १९९८ च्या कायद्याने आयआरएसच्या कर्मचाऱ्याने स्वतःचा कर जाणूनबुजून कमी दाखवला तर त्याची नोकरी जाते. कारकुनाला एक नियम आणि त्याच्या मंत्र्याला दुसरा?

सीएबापू

'जाणूनबुजून' हा शब्द तुम्हीच लिहिलात. तो सिद्ध करा, मग बोलू.

परतपुणे

तुम्ही सगळे गायटनरने न भरलेल्या पैशांवर भांडताय. मी भरलेल्यांचं कोण बोलणार? साडेसहा वर्षं अमेरिकेत एच-१ या नोकरीच्या व्हिसावर होतो. दर पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी, तेवढेच कंपनीचे. ४० क्रेडिट (वर्षाला चार) झाल्याशिवाय पेन्शन नाही, म्हणजे दहा वर्षं. व्हिसा सहा वर्षांचा, ग्रीन कार्ड रांगेत. आई आजारी पडली, परत आलो. सगळे पैसे तिकडे. जर्मनीहून कंपनीने पाठवलेल्या माणसाला करारामुळे पाच वर्षं सूट मिळते. भारताचा अमेरिकेशी करारच नाही.

ओहायोकर

याचा इथे काय संबंध? पगार बघून गेलात तेव्हा ही कपात दिसत नव्हती?

परतपुणे

संबंध हाच की हा तोच कर आहे! ज्याला त्यातून म्हातारपणी पेन्शन मिळणार त्याने तो भरला नाही, आणि ज्याला काहीच मिळणार नाही त्याच्याकडून दर पंधरवड्याला कापून घेतला. आणि 'पगार बघून गेलात' हे मला शिकवू नका. आईचं डायलिसिस चालू असताना मी क्रेडिटं मोजत बसायचं होतं का?

अनघा

ओहायोकर, हे बोलायला नको होतं तुम्ही.

जुनानाशिककर

आपल्याकडे हे जुनंच आहे. जगजीवनराम यांनी दहा वर्षं आयकराचं विवरणपत्र भरलं नव्हतं, इंदिराबाई म्हणाल्या, विसरले असतील. मंत्रिपद राहिलं. आणि ज्या ब्रेटन वुड्समध्ये १९४४ साली ही नाणेनिधी ठरली, तिथे भारताकडून बसलेले चिंतामणराव देशमुख पुढे अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. स्वतःवर एक पैशाचा आळ नसताना. अर्थमंत्री म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस येतो.

सीएबापू

देशमुखांबद्दल दुमत नाही. पण त्या मापाची माणसं मिळेपर्यंत खजिना बंद ठेवायचा का?

ओहायोकर

परतपुणे, आईंबद्दल माहीत नव्हतं. तसं लिहायला नको होतं.

गोदाकाठ, एक मानतो. २००६ मध्ये चूक कळल्यावर त्याने २००१ आणि २००२ चेही भरून टाकायला हवे होते. कायद्याने मागितले नसते तरी. ते का नाही भरले याचं उत्तर मला मिळालं नाही. तरी माझं मत त्या ६० बरोबरच. बँका उघड्या राहिल्या तरच कर भरायला कोणी उरेल.

गोदाकाठ

उत्तर मिळालं नाही आणि मत तेच. मग हा धागा काढून मी काय मिळवलं?

अनघा

परतपुणे, साडेसहा वर्षांचे २६ क्रेडिट झाले असतील. ते बुडत नाहीत, नोंद राहते. पुन्हा इकडे येऊन साडेतीन वर्षं काम केलंत तर ४० भरतात.

परतपुणे

माहीत आहे. मुलगी इथे दुसरीत आहे आता. नाही येणार.