पूर्ण भूल घेतली तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

आईचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय, जनरल अ‍ॅनेस्थेशिया देणार आहेत. तिचा एकच घोषा: मध्येच जाग आली तर? ज्यांनी पूर्ण भूल घेतली आहे त्यांनी आठवेल तसं लिहा. नुसतं 'काळजी करू नका' नको.

रानजाई
माझंही पित्ताशयच. थिएटरमध्ये आधी थंडीच वाजते, एसी जोरात असतो. छातीला ईसीजीचे चिकट गोल, बोटाला चिमटा, दंडाला बीपीचा पट्टा. मग शिरेतून दुधासारखं पांढरं औषध (प्रोपोफॉल) सोडलं, मनगटापासून वर हात चांगलाच चुरचुरला. भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" मी "चिपळू..." म्हटल्याचं आठवतंय. पुढचं एकदम, "डोळे उघडा, झालं ऑपरेशन." झोपेतून उठल्यावर निदान वेळ गेल्याचं कळतं, इथे तेही नाही. आणि उठल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा ठणकत होता! पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने होतं ते. दोन-तीन दिवसांत गेलं. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर हार्टचं काही झालं म्हणून घाबरतील.

तिरकस
घसा. श्वासनळीत नळी घालतात, त्याने धरतो. बाकी मजेत.

पानगळ
मला जाग आल्यावर दात वाजेपर्यंत हुडहुडी भरली, मग उलट्या. ज्यांना घाटात एसटी लागते त्यांनी भूलतज्ज्ञांना हे आवर्जून सांगावं. उलटीचं औषध आधीच देतात.

सांजवेळ
वडील ७८ वर्षांचे, आतड्याचं ऑपरेशन. त्या रात्री सलाइन उपटायला निघाले, "माझी गाडी चुकेल" म्हणून. आम्हा सगळ्यांचं धाबं दणाणलं. म्हाताऱ्या माणसांत असा भ्रम होतो, असं डॉक्टर म्हणाले. चष्मा आणि कानाचं यंत्र लावलं, धाकटा भाऊ उशाशी बसून बोलत राहिला, तसे हळूहळू ताळ्यावर आले.

भूलभुलैया
मी भूलतज्ज्ञ आहे. जाग येण्याबद्दल: ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, रुग्णांनी आपणहून सांगितलेलं प्रमाण साधारण १९ हजारांत एक होतं. खोदून विचारलं तर आकडा वाढतो, तरी ते दुर्मीळच. मला जास्त धास्ती भरल्या पोटाची. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून हलकं खाणं ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत (तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा). दुधाचा चहा खाण्यातच धरायचा. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, हलता दात, मिश्री-तंबाखू, सगळं सांगा. आम्ही ओरडत नाही.

धागाकर्ती
चहाचं कळल्यावर आईचं तोंड उतरलंय. कवळीचं काय करतात?

सांजवेळ
काढायलाच लावतात. डबी घरून न्या आणि वर नाव लिहा. आमच्या वॉर्डात अदलाबदल झाली होती.