हरिश्चंद्रगड जुलैमध्ये: कोकणकड्यावर टेंट लावून मुक्काम जमेल का?

ठाण्याचा_पाऊस

नमस्कार मंडळी, आम्ही सहा जण जुलैच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगड करायचा म्हणतोय, ठाण्याहून. चौघांनी राजमाची, लोहगड, कळसूबाई केलंय पण सगळं एका दिवसात जाऊन येऊन, गडावर रात्र कधी काढलेली नाही. उरलेले दोघं म्हणजे माझी ताई आणि भावोजी, त्यांचा हा पहिलाच ट्रेक.

मनात असं आहे की शनिवारी दुपारपर्यंत वर पोचायचं, कोकणकड्यावर दोन टेंट लावायचे, रात्री मॅगी-चहा स्टोव्हवर आणि सकाळी कड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, बघून खाली. टेंट तीन-तीन माणसांचे आहेत, ऑनलाईन घेतलेले, डिसेंबरमध्ये भंडारदऱ्याला वापरले होते तेव्हा मस्त राहिले. वाट पाचनईची घ्यावी का खिरेश्वरची हेही कळत नाहीये, कोणी म्हणतं पाचनई सोपी, कोणी म्हणतं खिरेश्वरने गेलात तरच खरा गड बघितला. ताईला घेऊन जायचंय म्हणून जरा जास्तच विचारतोय, ज्यांनी पावसात केलाय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

कातळवाट

पाचनई. यावर दोन मतं नकोत. कसाऱ्यावरून घोटी, पुढे राजूर आणि राजूरवरून पाचनई, गाडी गावापर्यंत जाते. गावातून गडावरच्या देवळापर्यंत नवख्या माणसाला घेऊन पावसात तीन तास धरा. वाट ओढ्याच्या काठाने आहे, एका ठिकाणी डोक्यावर कातळ आलाय त्याच्या खालून जायचं असतं, तिथे धबधब्याचं पाणी अंगावर येतं आणि ताईंना तोच भाग सगळ्यात जास्त आवडेल बघा.

खिरेश्वरवरून का नको म्हणतो ते माझ्यावर गुदरलंय म्हणून सांगतो. २०१६ चा जुलै, आम्ही पाच जण, गाडी उशिरा मिळाली आणि गावातून निघायलाच साडेअकरा झाले. तोलार खिंडीत ते वाघाचं शिल्प आहे तिथपर्यंत सगळे मजेत, फोटो वगैरे. खिंडीच्या वरचा कातळटप्पा चढलो आणि धुकं असं उतरलं की पुढच्या माणसाची बॅग दिसेना. त्यापुढे झाडीतून छोट्या छोट्या सात टेकड्या चढायच्या उतरायच्या असतात, एक संपली की दुसरी, सगळ्या सारख्याच दिसतात आणि गुरांच्या वाटा चहूबाजूंनी फुटलेल्या. आम्ही दोनदा फिरून त्याच दगडापाशी आलो. पाऊस थांबत नव्हता, वारा होताच. आमच्यातला एक जण जीन्स आणि कॉटनचा टीशर्ट घालून आला होता, तो आधी कुडकुडायला लागला मग गप्प झाला मग म्हणाला मी इथेच जरा पडतो तुम्ही व्हा पुढे. बोलणं जड झालं होतं, दारू प्यायल्यासारखं. तेव्हा आम्हाला वाटलं दमलाय. दमला नव्हता, अंग गार पडत चाललं होतं त्याचं. हायपोथर्मिया म्हणतात ते हे, आणि त्याला बर्फ लागत नाही हो, पंधरा अंशाला सुद्धा होतो, ओले कपडे आणि वारा एवढं पुरतं.

संध्याकाळी सहाला कसेबसे देवळापाशी पोचलो, गुहेत शिरलो, आणि तेव्हा लक्षात आलं की पाच जणांत कोरडे कपडे फक्त एकाकडे आहेत कारण त्याच्या आईने बळजबरीने प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिले होते. ते कपडे मित्राला घातले, कोरड्या चादरी त्याच्याभोवती गुंडाळल्या, दोघं त्याला चिकटून बसलो, गुहेत आणखी एक ग्रुप होता त्यांनी भरपूर साखर घालून चहा दिला. तासाभराने त्याने स्वतःहून पाणी मागितलं तेव्हा मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. प्रत्येकाकडे एक पूर्ण कोरडा जोड, आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत, दुहेरी पिशवीत बांधलेला. आणि तो चालताना घालायचा नाही, कितीही थंडी वाजली तरी. तो फक्त मुक्कामाला.

टेंटचं सांगतो. कोकणकडा म्हणजे सरळ तुटलेला, मधे आत वळलेला कडा, कोकणातून येणारा वारा त्याच्यावर आपटून सरळ वर उसळतो, पावसाळ्यात खाली पडणारं पाणी परत वर उडतं इतका. जमीन म्हणाल तर कातळ, टेंटचे खिळे ठोकायचे कुठे? डिसेंबरमध्ये भंडारदऱ्याच्या काठावर टिकलेला टेंट इथे तासभर टिकणार नाही, आणि रात्री दोनला टेंट फाटला की धुक्यात कड्याच्या काठावर तुम्ही सहा जण. कृपा करून हा बेत सोडा.

भटकी_मनवा

कातळवाट दादांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी ताईंसाठी थोडं लिहिते, कारण पहिल्या ट्रेकला बायकांना कोणी हे सांगत नाही.

जीन्स नको, कॉटनची लेगिंग पण नको, ती भिजली की वाळत नाही आणि मांड्या घासून सोलवटतात. पॉलिस्टरची ट्रॅकपँट आणि जर्सीसारखा टीशर्ट घ्या, स्वस्तातला चालतो. मोठा पोंचो घेण्यापेक्षा जॅकेट घ्या, पोंचो वाऱ्याने तोंडावर येतो आणि नेमकं पाय ठेवायच्या जागेवर काही दिसत नाही. खरं सांगायचं तर जॅकेटच्या आत पण भिजायला होतंच, घामाने, पण वारा अडतो आणि तेच महत्त्वाचं. बूट नवेकोरे घालून येऊ नका, आठवडाभर आधी वापरा, आणि सोल घासलेला असेल तर तो बूट आणूच नका, पाचनईच्या वाटेवर शेवाळलेला कातळ आहे.

बॅगेवरचं रेनकव्हर म्हणजे बॅग कोरडी असं समजू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. बॅगेच्या आत एक मोठी जाड कचऱ्याची पिशवी उलगडून ठेवा आणि सगळं सामान तिच्या आत, तोंडाला पीळ देऊन बंद. दहा रुपयांचं काम आहे. पाळीची तारीख जवळ असेल तर जास्तीचं सामान आणि वापरलेलं परत आणायला वेगळी घट्ट पिशवी, वर टाकायला जागा नाही आणि टाकूही नये. वर शौचाला जाताना एकटं जायचं नाही, धुकं असेल तर अजिबात नाही, कोणीतरी हाकेच्या अंतरावर थांबायचं आणि पाण्याच्या प्रवाहापासून लांब बसायचं. यात लाजण्यासारखं काही नाही हे भावोजींना आधीच सांगून ठेवा.

ठाण्याचा_पाऊस

बापरे, दोघांचे मनापासून आभार. कड्यावरचा टेंट रद्द, घरी सांगितलं पण. मग देवळाजवळ टेंट लावला तर? तिथे खोलगट आहे ना, वारा कमी लागत असेल. आणि इंद्रवज्राचं काय?

ट्रेकर_दिन्या

एवढं घाबरवू नका राव त्यांना. मी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये कड्यावर टेंट लावला होता, काही झालं नाही, रात्रभर रिपरिप होती फक्त, आयुष्यातली सगळ्यात भारी रात्र.

कातळवाट

दिन्या, तुम्हाला ती रात्र मिळाली याचा आनंद आहे, खरंच. पण ऑगस्टात उघडीप असते कधी कधी, जुलैच्या मध्यात त्या भरवशावर दोन नवखी माणसं घेऊन जाऊ नये. वाईट रात्र आली तर काय करणार याचं उत्तर तयार असेल तर जा, एवढंच म्हणतोय.

ठाणेकर, देवळाजवळ वारा कमी हे बरोबर, पण तिथून पाणी वाहतं. केदारेश्वराची गुहा बघाल तेव्हा कळेल, चार खांबांपैकी एकच शाबूत राहिलेला आणि मधे शिवलिंग, उन्हाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालतात, जुलैमध्ये मात्र पाण्याला ओढ असते त्यामुळे बाहेरूनच हात जोडायचे. तसंच पाणी टेंटच्या खालूनही जातं. टेंटमध्ये स्टोव्ह तर कदापि पेटवू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साईड साठतो, वास येत नाही, झोपेतच माणूस जातो.

इंद्रवज्र कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला याच कड्यावरून दिसल्याची नोंद आहे. पण त्याला पाठीमागे ऊन हवं आणि समोर दरीत ढग हवा. कडा पश्चिमेकडे, म्हणजे सकाळचं ऊन हवं. जुलैमध्ये ऊनच नसतं, त्यामुळे ते मनात धरून जाऊ नका. सप्टेंबरच्या शेवटी परत या त्यासाठी.

कोतूळकर

आमच्या भागातला विषय निघाला म्हणून लिहितोय. मी कोतूळचा, मामाचं गाव पाचनईच्या बाजूला.

मुक्काम गावातच करा असं माझं म्हणणं आहे. पाचनईत बऱ्याच घरी पडवीत सोय होते, चुलीवरची नागलीची नाहीतर बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. शुक्रवारी रात्री येऊन गावात झोपा, शनिवारी सकाळी सातला चढायला लागा, दिवसभर देऊळ, केदारेश्वर, कडा सगळं बघून अंधाराच्या आत खाली. ओलं अंग घेऊन चुलीपुढे बसण्यात जे सुख आहे ते कुठल्या टेंटात नाही. वरच राहायचं असेल तर हे अभयारण्य आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, तेव्हा वर मुक्कामाला आणि टेंटला परवानगी आहे का ते गावातल्या नाक्यावर त्या वेळी विचारूनच ठरवा, रविवारी गर्दीत काही वेगळेच नियम लागतात.

गावातला एक माणूस बरोबर घ्या, पैसे वाचवू नका यात. देवळापासून कड्यापर्यंत अर्ध्या-पाऊण तासाचं माळरान आहे, धुक्यात वाट दिसत नाही आणि कडा तर अचानकच पायाशी येतो. आमच्या पोरांना पायाखालच्या दगडावरून कळतं कुठं आलो ते. कड्यावर काठापर्यंत चालत जायचं नाही, लांबूनच पालथं पडायचं आणि सरपटत पुढे होऊन बघायचं.

ओढ्याचं ध्यानात ठेवा. सकाळी घोट्याएवढं पाणी असतं ते वर जोराचा पाऊस झाला की अर्ध्या तासात मांडीला लागतं, पाणी गढूळ झालं आणि त्यात पाला-काटक्या यायला लागल्या की समजायचं वरून लोंढा येतोय. अशा वेळी पलीकडे जायची घाई करायची नाही. थांबायचं, तास-दोन तास गेले तरी चालेल, ओढा जसा चढतो तसा उतरतो पण. दोर लावून साखळी करून जाणारे ग्रुप बघितलेत मी, नका करू तसलं काही.

अजून एक, हात जोडून सांगतो. त्या दिवसांत आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते. भाताच्या बांधावरून फोटोसाठी चालू नका, बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि रोपं बसतात, बायका दिवसभर वाकून लावतात ती. स्पीकर लावू नका. कुरकुऱ्यांची पाकिटं परत न्या.

भटकी_मनवा

कोतूळकर, आवणीचं लिहिलंत हे फार बरं केलंत. गेल्या वर्षी एक ताई इरलं घेऊन रोपं लावत होत्या आणि दहा जण त्यांना न विचारता व्हिडिओ काढत होते, मला इतकं वाईट वाटलं.

ठाण्याचा_पाऊस

मंडळी, जाऊन आलो, म्हटलं धागा अर्धवट सोडू नये.

शुक्रवारी रात्री अकराला पाचनईत पोचलो, ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशी जाग्याच होत्या, पिठलं गरम करून वाढलं. सकाळी सात ऐवजी पावणेआठला निघालो, त्यांचा मुलगा बरोबर होता. पाऊस धो धो. कातळाखालच्या वाटेवर ताई थांबली आणि धबधब्याच्या पडद्याआडून बाहेर बघत उभीच राहिली, काही बोलेना, आम्ही पण बोललो नाही. वर पोचायला साडेतीन तास लागले. हेमाडपंती देऊळ फोटोत कितीदा बघितलेलं, पण ओल्या काळ्या दगडावरून पाण्याच्या धारा उतरताना ते जिवंत वाटतं, केदारेश्वराच्या दारात तर पाण्याच्या आवाजाने आपलंच बोलणं ऐकू येत नव्हतं.

कड्यावर पांढरं. समोर काहीच नाही, नुसता पांढरा वारा. पालथे पडलो, तोंडावर खालून पाऊस आला! दादांनी लिहिलं होतं ते खरं. तिथे पाच मिनिटं होतो आणि तेवढ्यात भावोजींचे हात थरथरायला लागले, बोटांना जॅकेटची चेन लागेना. मी लगेच त्यांच्याकडून दोन वाक्यं बोलवून घेतली, नीट बोलत होते. तरी वेळ घालवला नाही, सगळे देवळाकडे परत फिरलो, आडोशाला बसवून गूळ-शेंगदाणे दिले, कानटोपी घातली, पंधरा मिनिटांत बरे झाले. हा धागा वाचला नसता तर आम्ही तिथे टेंटचे दांडे जोडत बसलो असतो.

उतरताना शेवटच्या ओढ्याला पाणी वाढलं होतं. मावशींचा मुलगा म्हणाला बसा, बसलो, एक तास दहा मिनिटं. पलीकडे एक ग्रुप होता तोही बसला, आम्ही एकमेकांना ओरडून ठाणे का नाशिक असं विचारत होतो.

गावात आलो तेव्हा साडेपाच. सहा जणांचे सहा कोरडे जोड, पिशवीची गाठ सोडताना त्या कापडाचा कोरडा वास आला. मावशींनी चुलीपुढे पोती टाकून दिली होती. ताईने मोजे घातले, चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, सप्टेंबरच्या शेवटी कुठला शनिवार येतो रे?

कोतूळकर, बांधावरून कोणी चाललं नाही. मावशींनी भात निघाल्यावर तांदूळ न्यायला या म्हणून सांगितलंय.