सिस्टर (कॅथलिक नन) होऊन लहान मुलांना शिकवायचं असेल तर?

भाची बारावीला आहे. सिस्टर व्हायचं आणि बालवर्गालाच शिकवायचं म्हणते. किती वर्षं लागतात? पगार कोणाकडे जातो?

↳ नॉव्हिशिएटला, म्हणजे व्रतं घेण्याआधीच्या प्रशिक्षणाला, १७ वर्षं पूर्ण हवीत. ते किमान १२ महिन्यांचं. त्यात ३ महिन्यांहून जास्त गैरहजेरी झाली तर बादच. १५ दिवसांवरची भरून काढावी लागते. पुढे तात्पुरती व्रतं साधारण ३ ते ६ वर्षं. कायमची व्रतं २१ च्या आत नाहीत.

↳ पगार संघाचा, म्हणजे ती ज्या सिस्टरांच्या संस्थेत जाईल तिचा. दारिद्र्याचं व्रत असतं ना! अनुदानित शाळेत मात्र टीडीएस कापतातच. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तेच कायम केलं.

↳ ‘बालवर्गच’ हा हट्ट टिकणं कठीण. आज्ञापालनाच्या व्रतामुळे उद्या वसतिगृहातही नेमतील. म्हणून शिक्षणाला वाहिलेला संघच निवडा, उदाहरणार्थ अपोस्टॉलिक कार्मेल. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. ही शिक्षक पदविका लागेल, ते कधी करू देतात हे आधीच विचारा.