मदत हवी आहे: निफाडच्या थंडीत लहान कालवड कशी सांभाळावी?

नमस्कार मंडळी. आम्ही निफाड तालुक्यातले, मळा गोदाकाठी. इथे पारा ५-६ अंशांवर उतरतो, ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेलच. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकतं, गोठा ओला होतो.

मोठ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, दुधाची विदेशी जात) गायींचं निभतं. रात्री कडबा-कुट्टी जास्त टाकली की रवंथ करून अंगात ऊब राहते, पाणीही विहिरीचं ताजं, कोमट देतो. खरा घोर नव्या कालवडीचा. चीक वेळेत पाजला, नाळेला आयोडीन लावलं. डॉक्टर बघून गेले, छाती स्वच्छ आहे, ताप १०१.५ म्हणजे ठीक म्हणाले. तरी पहाटे तिचे कान गार असतात, अंगावर काटा येतो आणि दूध ओढायला ती आळस करते. जीव तुटतो बघून.

अडचण हवेची आहे. गोणपाटाचे पडदे चहूबाजूंनी सोडले की मुताचा वास कोंडतो, आपलेच डोळे चुरचुरतात. अशा हवेने वासरांना न्यूमोनिया धरतो. उघडं ठेवावं तर उत्तरेचं वारं थेट अंगावर. तुम्ही पडदा वरून किती मोकळा ठेवता? खाली पाचट बरं की सोयाबीनचं भुसकट? ओल कशात कमी धरते? रात्री लाइटचा भरवसा नाही, म्हणून बल्बवर विसंबता येत नाही. शेकोटी धुरामुळे गोठ्यात नकोच.

पोत्याची झूल कुणी शिवली असेल तर मापासकट सांगा. थंडीत दूध दिवसातून तीनदा विभागून पाजावं का, हेही कळवा.