अनुभव धागा : थीम पार्कची सहल – राइड आणि जेवणाचं बुकिंग कसं लावता? (नाशिककरांसाठी)

विमान, व्हिसा, हॉटेल हे सगळं एजंट करून देतो. पार्कच्या आतला दिवस मात्र घरच्यांनाच लावावा लागतो, आणि पैसे वाया जातात ते नेमके तिथेच. राइडचा रांग टाळायचा पास किती दिवस आधी काढायचा, जेवणाचं टेबल कधी उघडतं, आजी-आजोबांना काय खायला मिळेल, लहानग्याला कुठे बसू देत नाहीत, हे ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी वर आपल्या भागाचं नाव टाकून इथे लिहावं. शिर्डीच्या वॉटर पार्कपासून अमेरिकेतल्या ओरलँडोपर्यंत काहीही चालेल. फक्त वेळ लिहाल ती भारतीय घड्याळाप्रमाणे लिहा आणि नियमाबरोबर कारणही लिहा, म्हणजे ते दुसऱ्या पार्कलाही लावता येतं.

सुरुवात मीच करते. क्रम असा ठेवा : आधी मुलांची उंची, मग जेवण, मग राइड. बहुतेक घरं उलटं करतात. राइडचा पास त्याच दिवशी पुढे-मागे सरकवता येतो. सहा-आठ जणांचं टेबल एकदा हातचं गेलं की त्या वेळेला परत मिळत नाही. म्हणून जेवणाची वेळ हा खुंटा, आणि राइड त्याच्या भोवती.

उंची घरी मोजा. टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर आडवं पुस्तक ठेवून, पेन्सिलीने खूण करून. सेंटीमीटर आणि इंच दोन्ही लिहून ठेवा, कारण अमेरिकेत पाटी इंचात असते आणि सिंगापूरला सेंटीमीटरमध्ये. हे काम निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा करा. ओरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८ इंच (९७ सेंमी) लागतात, स्पेस माउंटनला ४४ इंच (११२ सेंमी), ट्रॉनला ४८ इंच (१२२ सेंमी). घरात एक मूल १०५ सेंमीचं आणि दुसरं ११८ चं असेल तर पहिल्या राइडला दोघं, दुसऱ्या राइडला थोरलं एकटं आणि ट्रॉनला कुणीच नाही. मग ट्रॉनचे पैसे मुलांसाठी भरायचेच नाहीत.

मोठ्यांना जायचंच असेल तर रायडर स्विच मागा. एक मोठं माणूस लहानग्याला घेऊन बाहेर थांबतं, दुसरं रांगेतून जाऊन येतं, आणि मग थांबलेल्याला वेगळ्या दारातून, लांब रांग न लावता सोडतात. हे रांगेत शिरण्याआधी दारावरच सांगायचं, आणि तेव्हा मूलही सोबत उभं हवं. अर्धी रांग पार करून मागितलं तर परत मागे यावं लागतं.

गंगापूर रोड

ओरलँडोबद्दल लिहितो. तिथल्या डिस्ने वर्ल्डमध्ये लायटनिंग लेन मल्टी पास, म्हणजे रांग टाळायच्या विकतच्या पासची पद्धत, जुलै २०२४ मध्ये आली. त्याआधीच्या जिनी प्लस पद्धतीची माहिती अजून नेटवर फिरते, ती बाजूला ठेवा. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना चेक-इनच्या ७ दिवस आधी पूर्ण मुक्कामाचे पास काढता येतात, बाहेर उतरणाऱ्यांना त्या-त्या दिवसाच्या ३ दिवस आधी. बुकिंगची खिडकी उघडते तिथल्या सकाळी ७ ला. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी ४:३० आणि हिवाळ्यात ५:३०. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांची गडबड होते ती इथेच : ऑक्टोबरात केलेला ४:३० चा अलार्म नोव्हेंबरात तासभर आधी वाजतो. तो तरी बरा. मार्चमध्ये उलटं होतं, आपण ५:३० ला बसतो आणि खिडकी तासापूर्वीच उघडून गेलेली असते.

आधी तीनच राइड निवडता येतात. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलीवुड स्टुडिओज या पार्कांत राइडचे दोन गट असतात, पहिल्या गटातून एक आणि दुसऱ्या गटातून दोन. अॅनिमल किंगडमला असे गट नाहीत. यातली खरी मेख वेळेत आहे. एक पास वापरला की लगेच चौथा घेता येतो. त्यामुळे तिन्ही पास सकाळचे घ्या, साधारण १० ते १ मध्ये. संध्याकाळचे तीन छान वेळ बघून घेतले तर दिवसभर खातं अडकून राहतं आणि त्या पैशांत तीनच राइड होतात.

ट्रॉनसारख्या मोजक्या राइड मल्टी पासमध्ये नसतात, त्यांचा सिंगल पास वेगळा विकत घ्यावा लागतो. दिवसाला जास्तीत जास्त दोन. राइड बंद पडली तर घाबरू नका. पास आपोआप बदलतो आणि यादीतल्या दुसऱ्या राइडला चालतो. अॅपमध्ये तेवढं बघायचं.

जेवणाचं टेबल ६० दिवस आधी उघडतं, तिथल्या सकाळी ६ ला, म्हणजे आपल्या दुपारी ३:३० किंवा ४:३० ला. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनपासून ६० दिवस आधी पुढच्या १० दिवसांपर्यंतची टेबलं एकाच बैठकीत घेता येतात. इथे मुक्कामाच्या शेवटच्या दिवसापासून मागे या. शेवटच्या दिवसांची टेबलं बाहेर उतरणाऱ्यांना अजून दिसतही नसतात, म्हणून तिथे जागा भरपूर असते. सगळ्यात अवघड टेबल, म्हणजे मॅजिक किंगडमच्या किल्ल्यातल्या सिंड्रेलाज रॉयल टेबल या उपाहारगृहातलं, त्या दिवसांत टाका. त्याचे पैसे आधीच भरावे लागतात. बाकी ठिकाणी टेबल घेऊन न जाता गप्प बसलात तर माणशी दंड कार्डावर लागतो, तेव्हा बेत बदलला की अॅपमधून वेळेत रद्द करा.

१० जणांचं एक टेबल शोधत बसू नका. ४ आणि ६ असे दोन तुकडे करा, दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने, आणि पोचल्यावर जवळ बसवायची विनंती करा. बहुतेक वेळा ऐकतात.

इंदिरानगर

बुकिंग फसतं त्याचं मोठं कारण कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवीन कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतं. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करा आणि मर्यादा वाढवा. ही दोन वेगळी बटणं असतात, एक केलं आणि दुसरं राहिलं तरी पैसे जात नाहीत. हे आदल्या दिवशी उरकून ठेवा, खिडकी उघडल्यावर नव्हे. काम झालं की परत बंद करा, कारण बऱ्याच परदेशी साइट ओटीपी मागतच नाहीत.

दुसरं, पिनकोड. अमेरिकन फॉर्मला पाच आकडे लागतात, आपला ४२२००९ सहा आकड्यांचा. आधी देशाच्या रकान्यात भारत निवडा, मग पत्ता भरा. मग तो रकाना सहा आकडे घेतो. पत्ता बँकेत आहे तसाच हवा.

सगळ्यांची तिकिटं पार्कच्या अॅपमधल्या एकाच खात्याला जोडून घ्या आणि प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे टाका. ज्याचं तिकीट जोडलेलं नाही त्याचा पास निघत नाही, आणि खिडकी उघडल्यावर आजोबांचं तिकीट जोडत बसलात तर तोवर चांगल्या वेळा जातात.

पाथर्डी फाटा

आपल्याकडची पुष्कळ घरं सिंगापूरला जातात म्हणून तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओज पार्कचं लिहिते. तिथे राइडनिहाय वेळ बुक करायची नसते. रांग टाळायचा एक्सप्रेस पास त्या तारखेचा घ्यायचा. साध्या पासवर प्रत्येक राइड एकदा, अनलिमिटेडवर कितीही वेळा. किंमत तारखेप्रमाणे बदलते. पार्क आटोपशीर आहे, एका दिवसात होतो. त्यामुळे शाळा सुरू असतानाच्या आठवड्यातल्या दिवशी जात असाल आणि दार उघडताना हजर असाल तर पासाशिवाय भागतं. तिथल्या शाळांच्या सुट्ट्या मार्च, जून, सप्टेंबर आणि वर्षाअखेरीला असतात. आपला मे महिना त्यातून सुटतो, जूनचा पहिला पंधरवडा सापडतो.

ट्रान्सफॉर्मर्सला १०२ सेंमी, ममीला १२२ आणि बॅटलस्टारला १२५ सेंमी उंची लागते. पास विकत घेताना हे आकडे समोर ठेवा. शंभर सेंमीच्या मुलासाठी एक्सप्रेस घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दुपारी विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात, तेव्हा त्या सकाळी आणि आतल्या राइड दुपारी.

आणि एक, फराळ नेणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचं : खसखस सिंगापूरलाही बंद आहे आणि दुबईलाही. अनारसे, खसखस घातलेली करंजी, खसखशीचा मसाला, यातलं काहीही बॅगेत नको. डब्यात चकली, शंकरपाळे, खाकरा चालेल. चिवड्याच्या पाकिटावर घटक छापलेले असले तर उत्तम.

नाशिकरोड

वर इतरांनी लिहिलंय त्याच्या उलट मी सांगतो. शाकाहारी कुटुंबाने बसून जेवायची टेबलं शक्यतो घेऊच नयेत. चार दिवसांत एक, तेही मुलांना डिस्नेच्या पात्रांना भेटायचं असेल तरच. बसून जेवणाला दीड तास सहज जातो, बिलावर टीप चढते, आणि ताटात शेवटी पास्ताच येतो. ओरलँडोत काउंटरवरचं जेवण अॅपवरून मागवा. पद्धत अशी : सकाळी १० च्या सुमारास दुपारच्या जेवणाची वेळ निवडून पदार्थ टाकून ठेवा, पैसे भरा. जागेवर पोचलात की अॅपमध्ये 'मी आलोय' या अर्थाचं बटण दाबायचं, तेव्हा स्वयंपाकघरात ऑर्डर जाते. बटण न दाबता खिडकीशी उभे राहिलात तर तुमचं ताट कुणी करायलाच घेतलेलं नसतं. साडेबाराला अॅप उघडलं तर पुढची वेळ दोनची मिळते, म्हणून सकाळीच.

अॅनिमल किंगडममधल्या सातुली कँटीनमध्ये वाटीभर भात, भाज्या, टोफू असं निवडून घेता येतं. डिस्ने वर्ल्डमध्ये घरचं खाणं आत नेऊ देतात. काचेची भांडी आणि दारू नको. थेपले, दशम्या, कोरडी चटणी एवढ्यावर दुपार निघते.

सातपूर

दादा, पण अॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातलं सना हे उपाहारगृह वगळू नका. हॉटेलच्या किदानी व्हिलेज या भागात आहे, आफ्रिकी-भारतीय धाटणीचं. तिथली ब्रेड सर्व्हिस, म्हणजे नान वगैरे आणि बऱ्याच चटण्या, आपल्या तोंडाला रुचते आणि खिडकीतून जिराफ दिसतात. उजेड असताना जा, म्हणजे दुपारचं टेबल घ्या. मात्र हे हॉटेल पार्कच्या बाहेर आहे. जाऊन-येऊन बसचा वेळ धरून त्या बाजूला दोन तास राइड ठेवू नका.

कॉलेज रोड

जैन आणि बिनअंड्याचं खाणाऱ्यांसाठी. परदेशात 'व्हेजिटेरियन' लिहिलेल्या पदार्थात अंडं आणि चीज असू शकतं. 'प्लांट-बेस्ड' किंवा 'व्हीगन' असेल तर दूध-अंडं नाही, पण कांदा-लसूण असू शकतो. बुकिंग करताना आहाराच्या रकान्यात लिहा आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा सांगा, शेफला बोलवायची विनंती करा. 'जैन' म्हणून उपयोग नाही. 'कांदा, लसूण, बटाटा आणि जमिनीखाली उगवणारं काही नको' असं इंग्रजीत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा आणि तेच पुढे करा.

टोकियोच्या डिस्ने पार्कला जाणाऱ्यांनी जास्त जपावं. सूप आणि रश्श्यात माशांचा अर्क असतो, वरून दिसत नाही. 'लो अॅलर्जन' मेनू शाकाहारी असतोच असं नाही. डबा आत नेता येत नाही, दाराबाहेर पिकनिक एरिया आहे तिथे बसून खायचं. टेबल हवं असेल तर त्याचं बुकिंग, म्हणजे प्रायॉरिटी सीटिंग, एक महिना आधी तिथल्या सकाळी १० ला, म्हणजे आपल्या ६:३० ला उघडतं. राइडचा रांग टाळायचा पास, म्हणजे प्रीमियर अॅक्सेस, मात्र आधी मिळत नाही. पार्कात शिरल्यावरच अॅपवरून घ्यायचा, आणि पुढचा घ्यायला ६० मिनिटं थांबावं लागतं किंवा आधीच्याची वेळ सुरू व्हावी लागते, जे आधी होईल ते. सगळ्यांची तिकिटं एका फोनमध्ये स्कॅन करून ठेवा. दारातून आत गेल्यावर पहिलं काम हेच.

द्वारका

परदेश राहू द्या, खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कचं कुणी लिहिलं नाही. नाशिकहून पहाटे निघून त्याच दिवशी पार्क करायचा हट्ट नको. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण पुढे कल्याण-शिळफाटा-पनवेल पट्ट्यात अवजड गाड्यांत वेळ किती जाईल सांगता येत नाही. आदल्या रात्री पनवेल, खोपोली किंवा लोणावळ्याला मुक्काम करा आणि दार उघडताना पोचा.

आत शिरल्यावर आधी नायट्रो आणि स्क्रीम मशीन, रिकाम्या किंवा हलक्या पोटी. जेवल्यावर निदान तासभर गोल फिरणारं, उलटं करणारं काही नको. मिस्टर इंडियाची राइडही त्यातच धरा. खुर्ची जागेवर असली तरी हलते आणि पडदा बघून मळमळतं. जेवणानंतर सलीमगढ किंवा लहानांचा कॅरोसेल बरा. राजासॉरसला अंग भिजतं, ती जेवणाच्या लगेच आधी घेतली तर ओल्या कपड्यांनी एसीत बसावं लागतं आणि मुलं कुडकुडतात. ती दुपारी उशिरा, बदलायचे कपडे घेऊन.

तिकिटाबरोबर जेवणाचं कूपन घेताना ते नेमक्या कुठल्या उपाहारगृहात चालतं, ते बुफे आहे की ठरलेली थाळी, आणि पाणी त्यात आहे का, हे तीन प्रश्न विचारा. जेवायला १२ ला किंवा अडीचला जा. एक ते दोनमध्ये सहलीच्या बसमधली मंडळी जेवायला येतात. त्या वेळी खाण्याची रांग मोठी आणि राइडची छोटी.

शिर्डीच्या किंवा कुठल्याही वॉटर पार्कला नायलॉनचेच कपडे. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो आणि त्याचे धागे गाळणीत अडकतात, म्हणून दारावरच अडवतात. भाड्याने घेतलात तर अनामत रकमेची पावती लॉकरमध्ये न ठेवता गाडीत ठेवा. मनगटी पट्टीत पैसे भरायचे असतील तर थोडे-थोडे भरा आणि उरलेले काउंटर बंद होण्याआधी परत मागा.

धागाकर्ती

पुढच्या वर्षाचं ठरवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या दिवसांत मुंबई विमानतळाचं विमान पकडायचं असेल तर आदल्या दिवशीच नाशिक सोडा, आणि पार्कचं न परतणारं बुकिंग उतरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ठेवा. दुबई-अबू धाबीच्या पार्कांबद्दल अजून कुणीच लिहिलं नाहीये. ज्यांना तिथलं माहीत असेल त्यांनी मुलांची उंची आणि उन्हाळ्यातल्या वेळा नक्की लिहा.